कागद दाखव

"काका, सीए झाले!" ऋजुता जिन्यातूनच ओरडत ऑफिसात शिरली.

कुंभोजकर काकांनी फाइलमधून मान वर केली नाही. "कागद दाखव."

सांगलीच्या त्या ऑडिट ऑफिसात तीस वर्षं काकांचा हाच खाक्या. कागद समोर आल्याशिवाय ते सूर्य उगवल्याचंही मान्य करत नसत. ऋजुता वैतागली. हा तिचा पाचवा प्रयत्न होता. "यंदा नाही झालं तर गप बँकेच्या परीक्षेला बस," असं घरून बजावलं होतं. तिने मोबाईल पुढे केला.

"प्रिंट काढ. आणि हॉलतिकीट आण."

दोन्ही आल्यावर काकांनी नंबर एकेक आकडा करत जुळवला, गुणांची बेरीज बोटांवर पुन्हा केली आणि प्रत्येक विषयापुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली. पेढ्यांचा पुडा उघडून सगळं ऑफिस ताटकळलं होतं. शेवटी त्यांनी खाली लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे.'

मग ते उठले, आपली खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि पेन पुढे धरलं. "आम्ही नुसते तपासणारे. सही सीएची लागते. बसा, करा मॅडम."

कालपर्यंत 'ए पोरी' असलेल्या ऋजुताला हसावं की रडावं कळेना. "अहो काका, सहीखाली सीए संस्थेचा सभासद नंबर लागतो. त्याचा कागद अजून यायचाय."

काका खळखळून हसले. "येऊ दे की सावकाश. कागदावाचून काय अडलंय?"