लाल बूट

बालवाडीतल्या ताई चार महिने संस्थेच्या ऑफिसच्या मागे लागल्या होत्या. पोरं अनवाणी येतात, पायाला जखमा होतात, काहीतरी करा. दर वेळी एकच उत्तर, "बघू, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ."

शेवटी वैतागून त्यांनी ओळखीपाळखीत फिरून जुने बूट गोळा केले आणि पाच वर्षांच्या भिंगरीच्या पायात एक लाल जोडी चढवली. पोरगी इतकी हरखली, की खोलीभर टकटक करत नाचत सुटली.

तिची आई लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करत उभी असायची. तिला संध्याकाळी हे दाखवावं, म्हणून ताईंनी मोबाइल काढला. "भिंगरे, इकडे बघ गं, फोटो काढते!"

भिंगरी थबकली. खाली बसून तिने घाईघाईने बूट काढले, केस विस्कटले आणि तोंड पाडून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"अगं बाई, हे काय? बूट का काढलेस?"



"ऑफिसातले काका फोटो काढायला आले की असंच करायला सांगतात. बूट घालून हसलं तर मदत येत नाही ना, ताई!"