दोघांचं काम

ट्रकचं चाक निम्मं भरलं आणि कॉम्प्रेसर बंद पडला. मागोमाग जनरेटरनेही मान टाकली. पंक्चरवाल्या कायूनने आपल्या ट्रेलरच्या मागच्या कप्प्याचं दार उघडलं, तर आतून अशी धग आली की दोघंही मागे सरले.

"काका, इथं पंक्चर काढता की पाव भाजता?" ट्रकवाला म्हणाला.

"पावाला कुणी थांबत नाही रे. म्हणून पंक्चर काढतो."

ट्रकवाल्याचं नाव योर्मान. चाळिशीतला गडी, व्हेनेझुएलाचा, पातागोनियाच्या या माळावर अगदी नवा. वारा टोपी नेईल म्हणून एक हात सतत डोक्यावर. त्याने कप्प्यात डोकावून पाहिलं. गार हवा यायला खाली झरोका होता, धुराची नळीही बाहेर काढलेली होती, पण तापलेली हवा वरून निघायला वाट नव्हती. वाऱ्याच्या उलट्या अंगाला, वरच्या बाजूला चौकोनी भोक मात्र कापलेलं होतं आणि त्यावर फळकूट ठोकलेलं होतं.

"हे बुजवलंय कशाला?"

"उघडं ठेवलं तर वाळू घुसते. जाळी बसवायचीय. ती बघ, गेल्या हिवाळ्यापासून पडलीय."

"मग घोडं अडलंय कुठं?"

कायून जरा घुटमळला. "दोघांचं काम आहे. बाहेरून बोल्ट पिळायचा तर आतून नट धरायला माणूस लागतो. रिबीट मारून बघितले, या थरथरीत दोन दिवस टिकत नाहीत."

"आणि हिवाळ्यापासून इथं कुणी फिरकलंच नाही?"

"येतात की. चाक भरलं की जातात."

कुणाला थांब म्हणायची कायूनला लाज वाटायची, खरं कारण ते होतं.

"यंत्रं गार होईपर्यंत मी तरी काय माश्या मारू?" योर्मान म्हणाला. "आणा तो पाना."

तो आत शिरला, कायून बाहेर उभा राहिला. फळकूट उपटून जाळी भोकावर धरली आणि पहिला बोल्ट आत सारला.

"धरलाय!" आतून आवाज आला.

कायूनचा हात जागच्या जागी थांबला. हा ट्रेलर त्याचं दुकान होता, घरही तोच होता. इतक्या वर्षांत त्याच्या घरातून त्याला कुणी हाक दिली नव्हती.

"झोप लागली का काका?"

"पिळतोय, पिळतोय!"

तो सावकाश पिळत होता. योर्मान आतून बडबडत होता: बायको तिकडे गावी माराकाइबोला आहे, थोरली लेक फोनवर बोलतच नाही, इथल्या वाऱ्याला कुणी आईबाप आहे की नाही. कायून नुसता हूं हूं करत होता, पण त्याला फार बरं वाटत होतं. काम सरत आलं तसा त्याने एक बोल्ट मुद्दाम खडीत पाडला आणि बराच वेळ शोधला.

"चष्मा घ्या हो एखादा!" आतून टोमणा आला. कायून एकटाच हसला.

शेवटी जनरेटर पुन्हा घरघरला. जाळीपुढे हात धरला तर गरम हवा भसाभस बाहेर येत होती. कॉम्प्रेसरही न कुरकुरता चालला. चाक भरलं.

"जातोस कुठं लगेच? माते घे, आमच्याकडचा कडू चहा," कायून म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता किटली चुलीवर चढवली. दुसऱ्या चुलीवर कोकराचं मटण शिजत होतं. त्याने मनाशी ठरवलं, तिसरं भांडं झालं की म्हणायचं: वारा वाढलाय, मटण दोघांपुरतं आहे, आज राहा.

भोपळ्याच्या भांड्यात मातेची पानं, वरून गरम पाणी, प्यायला एकच नळी. एकाने भरून द्यायचं, दुसऱ्याने पिऊन मुकाट्याने परत करायचं, की पुन्हा भरून मिळतं. 'ग्रासियास' म्हणायचं ते शेवटाला. ग्रासियास म्हटलं की आभार खरेच, पण आता पुरे, निघतो. हे या माळावर पोरासोरांनाही कळतं.

योर्मानने आधी नळीने सगळं ढवळलं. ढवळायचं नसतं. कायूनने ते पाहिलं आणि हसून सोडून दिलं. योर्मानने कडू तोंड केलं, पण थेंबन् थेंब संपवला आणि भांडं दोन्ही हातांनी अदबीने पुढे केलं.

"ग्रासियास, काका."

कायूनने भांडं घेतलं. किटलीकडे गेलेला हात मागे आला. एकाच भांड्यात पुरे? पण जाणाऱ्याला अडवणारे आपण कोण? त्याने किटलीवर झाकण ठेवलं.

योर्मान बसून राहिला. झाकणाकडे बघितलं, मटणाच्या पातेल्याकडे बघितलं, गुडघ्यांवर हात घासले.

"बरं मग... निघू म्हणता?"

"नीघ बाबा. वारा वाढायच्या आत."

कायून दारात उभा राहिला. ट्रक सुरू झाला, हळूहळू रस्त्याला लागला. योर्मानने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हसत ओरडला, "काका, तुमच्याकडे पाहुण्याला एकाच घोटावर वाटेला लावतात होय?"

तेव्हा कुठे कायूनच्या डोक्यात उजेड पडला: पोराचं ग्रासियास नुसतं आभाराचं होतं. तो दोन्ही हात वर करून रस्त्यावर धावला. "अरे थांब! थांब!"

ट्रकने दोनदा हॉर्न दिला. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याला निरोप देत बराच वेळ हलत राहिला.