टेलरमास्तरांची सायकल

मास्तरांनी सायकलच्या सीटवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "ही नको. टाके लांब घेतलेत. सहा महिन्यांत उसवेल."

सायकलवाला गालातल्या गालात हसला. गिऱ्हाइकं गिअर विचारत, ब्रेक दाबून बघत; सीटची शिलाई तपासणारा माणूस आज पहिलाच. पण गळ्यात टेप तसाच ठेवून दुकानात आलेल्या शिंप्याला आधी शिलाईच दिसणार. त्याने दुसरी सायकल पुढे ओढली.

"ही हायब्रिड बघा, मास्तर. शर्यतीच्या सायकलसारखी नाजूक नाही, डोंगरावरच्या सायकलसारखी अवजडही नाही. घरच्यांबरोबर रमतगमत फिरायला हीच बरी. आणि तुम्ही म्हणालात त्या पैशांत बसते. फक्त पायाचं आतलं माप घ्यावं लागेल."

"साडेअठ्ठावीस," मास्तर म्हणाले.

सायकलवाल्याने तरी मोजलंच. साडेअठ्ठावीस भरलं, सूतभर इकडे नाही की तिकडे. मास्तरांनी या सीटवरूनही अंगठा फिरवला आणि या वेळी मान हलवली नाही. म्हणजे सायकल पसंत पडली.

इथवर मास्तर राजे होते. पुढचं अवघड होतं, कारण त्यांना सायकल येत नव्हती.

दर रविवारी मायलेकी सायकलवरून मोठ्या तळ्याला वळसा घालून येत आणि मास्तर बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या राखत. गुडघा दुखतो, असं ते सांगत. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून दहा-दहा तास मशीन पायाने चालवणाऱ्याचा गुडघा रविवारीच कसा दुखतो, हे बायकोला कळत होतं; पण तिने कधी ताणलं नाही. मग गेल्या रविवारी लेक धापा टाकत परत आली आणि म्हणाली, "बाबा, तळ्याच्या पलीकडे काय आहे, ते तू कधी बघितलंच नाहीयेस ना?" त्यावर मास्तरांना खोटं सुचेना. खरं काय ते त्यांनी सांगून टाकलं.

म्हणून आज मायलेकीही दुकानात सोबत आल्या होत्या. "बाबा, हे बघ," लेकीने नव्या सायकलच्या दांडीवरच्या कडीत आपली बाटली अडकवून दाखवली. "बाटली इथेच राहते."

मास्तरांनी बाटलीकडे पाहिलं. म्हणजे आता बाकाचीही सोय राहिली नाही.

दुकानामागे चारी बाजूंनी भिंत असलेलं अंगण होतं. सायकलवाल्याने सीट खाली केली. "आधी नुसतं पायांनी ढकलत चला. तोल सापडला की पाय वर घ्या."

मास्तर ढकलत चालले, पाय वर घेतले आणि कललेच. दुसऱ्या खेपेला कोपर सोलपटलं. लेक धावत आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. आज जमलं नाही तर आपण पुन्हा सायकलचं नाव काढणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पन्नाशीच्या माणसाने लेकीसमोर पडायचं तरी किती वेळा?

"अहो," बायको म्हणाली. त्यांच्या मशीनशेजारी बसून वीस वर्षं काजं-बटणं करणारी बाई ती. "सारखं खाली काय बघताय? तिथे सुई नाहीये."

मास्तरांनी मान वर केली.

पाय पेडलवर गेले आणि पायांना आपलं काम सापडलं. एक फेर, दुसरा फेर. कानाशी वारा लागला. दाराजवळची कुंडी मागे गेली, जुन्या टायरांचा ढीग मागे गेला, बायको मागे गेली. आपण तर बसलोच आहोत, तरी हे सगळं चाललंय कसं, असं वाटून त्यांच्या अंगावर काटा आला.

आणि भिंत जवळ आली. मशीन थांबवायचं तर उजव्या बाजूच्या चाकावर तळहात टेकायचा, ही तीस वर्षांची सवय. मास्तरांचा उजवा हात हँडल सोडून निघाला आणि हवेत चाक शोधू लागला.

"ब्रेक, मास्तर, ब्रेक!" सायकलवाला ओरडला. लेकीने डोळे घट्ट मिटले.

रिकामा हात परत आला. बोटं आवळली. वीतभर अंतर ठेवून सायकल थांबली.

मास्तरांनी एक पाय खाली टेकला. मग हात लांब करून भिंतीला लावला, नवं कापड चाचपावं तसा. तो हात त्यांनी बराच वेळ तिथून हलवला नाही.

"लागलं का हो?" बायको धावत आली.

"अगं, तीस वर्षं पाय मारतोय मी," मास्तर हळूच म्हणाले. "आपली मशीनसमोरची भिंत कधी जवळ आली नव्हती."

बायकोने त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

"बाबा, रविवारी येशील ना?" लेकीला आता दम धरवेना. "तळ्याच्या पलीकडे ना..."

"सांगू नकोस," मास्तर म्हणाले आणि सायकल वळवू लागले.