निरोप कुणाला जातो

हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटताना विमलताईंचा फोन वाजला. हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलीच्या मनगटावर पट्टी होती. झोप, भूक, आवाज यांवरून मुलीच्या जिवाला तिच्या स्वतःपासूनच धोका दिसला, की तिला सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या माणसाला ती पट्टी फोनवर निरोप पाठवायची.

"ऋजुता देवकते. धोका जास्त. लगेच बोला."

विमलताई गोंधळल्या. ही पोरगी कालच चाचणीत पहिली आली होती. तिला आईबाप होते. मेसमधल्या बाईला निरोप कशाला? तरी गॅस बंद करून त्या वर गेल्या.

ऋजुता पलंगावर बसली होती.

"बाळा, जीव द्यावासा वाटतोय का तुला?" त्यांनी सरळच विचारलं.

ती रडायला लागली. "हो."

"पण निरोप मला कसा आला गं?"

"माहीत नाही, मावशी. तुम्ही मार्क विचारत नाही, म्हणून असेल."

विमलताई तिला घट्ट धरून बसल्या.

डॉक्टरांकडे नेताना त्यांनी तिच्या आईला फोन केला. सगळं ऐकून आईने एवढंच विचारलं.

"पण निरोप मला का नाही आला?"

"ते मलाही कळत नाही, ताई," विमलताई म्हणाल्या. "आधी तुम्ही या."