लाल तेलातल्या नूडल्स

"शी!" उत्तराबाईंनी नॅपकिन नाकाला लावला. "काय हे ओकल्यासारखं दिसतंय! आणि केवढा दर्प सुटलाय घरभर."

"दानदान नूडल्स, आजी. चायनामधल्या सिचुआनच्या," नेत्रा म्हणाली.

"दानदान कसलं? दाणादाण उडवलीस माझ्या ओट्याची."

खरंच उडाली होती. तांबडं तेल ओट्यावरून ओघळून टाइल्सच्या फटींत शिरलं होतं. वाडग्यात नूडल्स गांडुळांसारख्या एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. वर खारवलेला काळपट पाला, गटाराच्या तोंडाशी अडकतो तसा. उत्तराबाईंच्या अंगावर काटा आला. बावन्न वर्षं त्यांनी हे स्वयंपाकघर आरशासारखं ठेवलं होतं.

पण फार बोलायची सोय नव्हती. मार्चमध्ये गॅसवरचं दूध करपलं, पातेलं जळून काळं झालं, धुराचा अलार्म वाजला आणि शेजारणीने फायर ब्रिगेड बोलावली. उत्तराबाई तेव्हा पलीकडच्याच खोलीत वाचत बसल्या होत्या. "आई विसरायला लागली," असं दूर नोव्हाय शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, देवदत्तने, ठरवून टाकलं. पार्सिपनीचं हे घर विकायचं आणि आईला आपल्याजवळच्या सीनियर लिव्हिंगमध्ये ठेवायचं. उत्तराबाईंनी साफ नकार दिला. मग त्याने सुट्टीत आपल्या मुलीला, नेत्राला, दोन आठवडे पाठवलं. आजीचं कसं चाललंय ते बघ आणि मला खरं काय ते सांग, म्हणून.

"हे टेबल कधीचं, आजी?" नेत्राने सहज विचारावं तसं विचारलं.

"चौऱ्याहत्तर सालचं. तुझ्या आजोबांनी गाडीच्या टपावर बांधून आणलं, बर्फ पडत असताना. त्या दिवशी भरताची वांगी भाजली होती. जेवायला चार माणसं होती. नावं सांगू?"

"नको नको," नेत्रा हसली. "यू विन."

नेत्राला हे वेड पुस्तकांनी लावलं होतं. जपानी चित्रकथा, स्वयंपाकाच्या. मागून पुढे वाचायच्या. एकीत दोन पानं भरून नुसता नूडल्सचा वाडगा होता, आणि पुढच्या पानावर तो चाखून एका म्हाताऱ्या परीक्षकाचे केस उभे राहिले होते.

"काळ्या-पांढऱ्या चित्रात एवढं काय आहे गं?"

"वास छापता येत नाही ना, आजी. म्हणून ते चेहरा काढतात. नाक असं, भुवया अशा. तो बघून आपल्यालाच वास येतो."

उत्तराबाईंनी ते पान बराच वेळ निरखलं. मग पुस्तक मिटलं. "हावरट मेले. लाळ गळतेय बघ एकेकाची."

तरी वाडगा मात्र त्यांनी संपवला. सकाळचा वरणभात त्यांनी दोन घास खाऊन बाजूला सारला होता. हे लाल प्रकरण तोंड वाकडं करत, डोळे पुसत, तळापर्यंत खाल्लं.

"आवडलं?"

"अन्न टाकू नये म्हणून खाल्लं. जिभेवर नुसत्या मुंग्या आल्या."

"तेच तर! ती टेस्ट नसतेच. ते व्हायब्रेशन असतं."

"उद्याही हेच करणार असशील," उत्तराबाई म्हणाल्या, आणि भांडी घासायला उठल्या.

तिसऱ्या दिवशी नेत्रा खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. उत्तराबाईंनी जवळ जाऊन चष्मा लावला.

"अगं, ही तर तिरफळं! वेंगुर्ल्याला आई बांगड्याच्या तिखल्यात घालायची. शाळेतून येताना फाटकाशीच कळायचं, आज बांगडे आहेत ते."

"आजी, ही तर मी पहिल्या दिवसापासून घालतेय."

"तुझ्या त्या करपट लसणापुढे काय कळणार?"

नेत्राने बत्ता खाली ठेवला. चिमूटभर तिरफळं तिने स्वतःच्या नाकाशी नेली.

चौथ्या दिवशी फ्रिजच्या दारावर एक सोललेली, ओलसर कोळंबी चिकटलेली दिसली. उत्तराबाई शिसारी येऊन ओरडल्या. "अगं, सडली ही! घाण मारतेय!" पेपर टॉवेलने चिमटीत धरून त्या ती कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात नेत्रा धावत आली.

"आजी, मॅग्नेट आहे तो! प्लॅस्टिकचा. जपानमध्ये हॉटेलच्या काचेमागे असेच पदार्थ मांडून ठेवतात."

"काय तरी मेले उद्योग," उत्तराबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. उत्तराबाई जरा जास्तच हसल्या.

पुढच्या बुधवारी नेत्राच्या नावाने एक खोकं आलं. "पुस्तकं," असं म्हणून ती ते वर घेऊन गेली.

रविवारी दोन आठवडे पूर्ण झाले. उत्तराबाई बागेला पाणी घालून आत आल्या, तर टेबलावर वाडगा तयार होता. तेच तांबडं तेल, तीच गांडुळं, तोच पाला. नेत्रा शेजारी उभी होती.

उत्तराबाईंनी नॅपकिन नाकाला लावला. भुवया आक्रसल्या.

"शी शी! आज तिरफळं फारच ओतलीस. पायरीवरच दर्प आला मला. डोकं उठलं."

नेत्रा त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"काय गं, आजीचं काय?" देवदत्त विचारत होता. "विसरते का?"

"शी फर्गेट्स नथिंग, बाबा. चौऱ्याहत्तर सालची वांगीसुद्धा आठवतात तिला."

"खरं सांग हं."

"खरंच सांगतेय. घर विकू नका. आणि बाबा, मी हॉस्टेल कॅन्सल करते. इथूनच कॉलेजला जाईन."

"तिथून? रोज तासभर ड्राइव्ह करशील?"

"करेन. आजीकडे किचन मोठं आहे."

फोन बंद झाला. उत्तराबाई खुर्चीत बसल्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी पाठ टेकली.

"बरं, आण इकडे तुझी ती घाण," त्या म्हणाल्या. "निवेल."

नेत्राने वाडगा उचलला आणि आजीच्या समोर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, हळूच उलटा केला.

लाल तेलाचा एक थेंबही खाली पडला नाही. फ्रिजवरच्या कोळंबीसारखंच सगळं प्लॅस्टिकचं होतं, बिनवासाचं.