अनासेतोचं मत

मतपेटी उघडली तेव्हा युफेमिया शाळेच्या खोलीत पहिल्याच बाकावर बसली होती. मत देऊन झाल्यावर ती घरी गेलीच नव्हती. शाळेच्या बाई एकेक मतपत्रिका उलगडत, तिच्यावर हातानं लिहिलेलं नाव खणखणीत वाचत, आणि दुसरी एक मास्तरीण फळ्यावर डकवलेल्या कागदावर रेघ ओढी. रोसेन्दो. दुल्फो. दुल्फो. रोसेन्दो. खिडक्यांत, दारात, बाहेरच्या दगडी गडग्यावर अख्खं गाव कान टवकारून बसलं होतं.

फिलिपिन्सच्या पार उत्तरेला, बातानेस बेटांच्या या टोकाला निवडणूक कानांनीच होते. पोस्टरं लावून उपयोग नाही. मागे एकानं लावलं होतं, ते वाऱ्यानं उचललं आणि थेट तैवानात नेऊन टाकलं. तिथल्या एका विधवेनं त्याला लग्नाचं विचारलं म्हणतात. मत मात्र मिळालं नाही.

दुल्फो जुना कपितान, म्हणजे गावचा मुखिया. गावचा कारभार बरीच वर्षं त्याच्याच हातात. रोसेन्दो म्हणजे युफेमियाचा भाचा. त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, होड्या लागतात तिथल्या खडकांत धक्का बांधायचा, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना लाटेचा नेम धरून उड्या मारायला नकोत. मागच्या खेपेला तो थोडक्यात पडला, आणि तेव्हापासून दुल्फो भेटेल त्याला सांगत सुटला होता, "ज्याची सख्खी आत्या त्याला मत देत नाही, त्याला मी काय पाडणार? तो घरूनच पडून येतो."

खोटं नव्हतं ते. युफेमिया दर निवडणुकीला एकच नाव लिही : अनासेतो कास्तान्यो. तिचा नवरा. एका सकाळी होडी घेऊन मासे धरायला गेला तो गेला. ना होडी सापडली, ना वल्हं. मृतांच्या दिवशी पाद्रीबाबा देवळात गावच्या सगळ्या मेलेल्यांची नावं वाचत, पण त्यांत ती त्याचं नाव घालू देत नसे. बाबांनी विचारलं की म्हणे, तो मेला नाही, त्याला उशीर झालाय. आता जो मेला नाही आणि आलाही नाही, त्याचं नाव चारचौघांत मोठ्यानं घेतलं जाणार कुठे? तर मतमोजणीत. बाई ते नाव वाचत, उमेदवार नाही, मत बाद, म्हणून सांगत, आणि युफेमिया उठून घरी जाई. तेवढ्यावर तिचं पुढच्या निवडणुकीपर्यंत भागे.

या वेळी मात्र रोसेन्दोची बायको रताळी घेऊन आली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि निघता निघता दारात थांबून ती म्हणाली, "आत्या, आतोबांना कपितान होऊन काय करायचंय आता?"

म्हणून आज सकाळी युफेमिया आडोशाला पेन धरून इतका वेळ उभी राहिली, की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, म्हातारी पोथी लिहायला बसली वाटतं. शेवटी तिनं लिहिलं : रोसेन्दो.

आपण भाच्याच्या विजयासाठी थांबलोय, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण बाईंनी पत्रिका उलगडली की तिची मान पुढे होई आणि नाव ऐकलं की मागे येई. रोसेन्दोचं असलं तरी मागेच येई. पेटी तळाला लागत चालली. समुद्रानं नेला तेव्हा आपण काही करू शकलो नव्हतो, आज मात्र आपल्याच हातानं त्याला ढकललं, असं तिला वाटायला लागलं.

बाईंनी आणखी एक पत्रिका उलगडली आणि जराशा थांबल्या.

"अनासेतो कास्तान्यो. उमेदवार नाही. मत बाद."

नेहमीचा हशा पिकला. "आत्याबाई, उपकार झाले," दुल्फो लांबून म्हणाला. युफेमियाला ते ऐकूही आलं नाही. ती वळून मागे बघत होती. मागच्या भिंतीला टेकून रोसेन्दो आपली नखं न्याहाळत होता, जणू ती आजच फुटली होती. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यावर रताळी भाजून निघाली असती.

पेटी संपली. रेघा मोजून झाल्या. दुल्फो एका मतानं आला.

कुणाची हरकत आहे का, असं बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं. दुल्फोच्या दोन-तीन पत्रिकांवर शाई पसरली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. भांडून त्यांतली एखादी उडवता आली असती. बायकोनं कोपरानं ढोसलं तसा रोसेन्दोनं हात वर केला. दुल्फोचं हसू मिशीत जिरलं.

"ती बाद झालेली पत्रिका पुन्हा वाचा, बाई," रोसेन्दो म्हणाला. "वाऱ्यात नीट ऐकू आली नाही."

बाई म्हणाल्या, कितीदा वाचली तरी ती बादच राहणार.

"राहू दे. वाचा."

बाईंनी गठ्ठ्यातून ती पत्रिका काढली. खिडकीपाशी गेल्या, माणसांना बाजूला व्हायला सांगितलं, आणि खडकांपलीकडे होडीत बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश, नाव वाचलं.