नळी तुंबली तेव्हा

सून ऋजुता घरी बिअर बनवते हे कळल्यापासून दिगंबरराव तिच्याशी बोलत नव्हते. त्या रविवारी ऋजुताच्या मैत्रिणी जमल्या आणि स्टीलच्या पिंपाच्या नळातून थेंबही येईना.

"सगळी ओतून द्यावी लागणार," ती रडवेली झाली.

तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात फिटर असलेले दिगंबरराव उठून आले. "आधी आतला दाब सोड."

तिने बिअर बाहेर ढकलणाऱ्या गॅसची टाकी वेगळी करून दाब सोडला आणि त्यांनी झाकण उघडलं. वरची नितळ बिअर ओढून घेणारी नळी आत तरंगत होती, पण तिच्या तोंडात बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा चोथा अडकला होता. त्यांनी तो काढला, नळी उकळत्या पाण्याने धुतली आणि तिच्या सुट्या भागांच्या डब्यात पडून असलेली बारीक जाळी तिला बसवली. ऋजुताने पुन्हा गॅस जोडला. नळ वाहू लागला.

तिने संकोचत पहिला ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"मी घेत नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी जाळी आधीच बसव."